जबाब घेणे बाकी

आमचे आजोबा यवतमाळच्या तहसील कचेरीत उभा जन्म कारकुनी करून सेवानिवृत्त झाले होते, आणि फिर्याद, जबाब, पंचनामा, कैफियत, मुद्देमाल या शब्दांचा त्यांच्या बोलण्यात इतका सहज वावर असे, की आम्हा भावंडांची भांडणेसुद्धा त्यांच्यापुढे गेली म्हणजे एका रीतसर खटल्याचे रूप घेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत वऱ्हाडातल्या त्या रखरखीत दुपारी घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसे. तेव्हा भाड्याने पुस्तके देणाऱ्या एका दुकानातून आणलेली इंद्रजाल कॉमिक्स ओसरीवर, पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताट्याआड पालथे पडून वाचणे, हाच आमचा मुख्य व्यवसाय होता. अशाच एका दुपारी आजोबांनी माझ्या हातातले वेताळाचे पुस्तक मागून घेतले, चष्मा लावला, आणि एखादी मिसल तपासावी तसे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही चौकट न गाळता, सावकाश वाचून काढले. शेवटच्या चित्रात दोराने जखडलेले चाचे मान खाली घालून बसले होते. त्यांच्यावर बोट ठेवून आजोबा म्हणाले, "सगळं खरं हाय रे बाबू, पन ह्या लोकाइचा जबाब कुठी हाय?" मी म्हणालो, "आजोबा, ते चोर आहेत." त्यावर ते काही बोलले नाहीत, कानावरची पेन्सिल काढून त्यांनी त्या चित्राच्या कडेला, कचेरीतल्या सवयीने, तीनच शब्द लिहिले : जबाब घेणे बाकी. पुस्तक त्या शेऱ्यासकटच दुकानात परत गेले.

अतिमानवी नायकांच्या चित्रकथांत नायक आणि खलनायक यांच्यामधील सीमारेषा गेल्या अर्धशतकात उत्तरोत्तर पुसट होत गेली, याविषयी पुष्कळांनी खेद व्यक्त केला आहे. मुलांपुढे आदर्श उरला नाही, सगळाच करड्या रंगाचा कारभार झाला, असे म्हटले जाते. मला हा खेद कधीच पटला नाही. ज्या कथेत एका पक्षाचीच बाजू ऐकून घेतली जाते तिथे रेषा ठळक दिसते, आणि दुसऱ्या पक्षाची कैफियत दप्तरी दाखल होऊ लागली की तीच रेषा थरथरू लागते. हे थरथरणे म्हणजे नीतीचा ऱ्हास समजण्याऐवजी विलंबाने सुरू झालेली चौकशी समजावे, असे मला वाटते, आणि त्यासाठी दूर कुठे जाण्याची गरज नाही, ज्या वेताळाच्या पुस्तकावर आजोबांनी शेरा मारला त्याचेच उदाहरण घेणे पुरेसे आहे.

ली फॉक या अमेरिकन लेखकाने फेब्रुवारी १९३६ मध्ये वृत्तपत्रांतून 'फँटम' नावाची चित्रमालिका सुरू केली. तिची मूळ हकीकत अशी, की १५३६ साली बंगालच्या उपसागरात चाच्यांनी एक जहाज लुटून जाळले, त्यातून वाचलेला एकच तरुण किनाऱ्याला लागला, आणि पुढे तिथेच त्याला आपल्या बापाच्या मारेकऱ्याचे प्रेत सापडले. त्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन त्याने चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्या निर्दालनाची शपथ वाहिली व आपल्या मुलांनाही तिने बांधून ठेवले. तेव्हापासून बापामागून मुलगा तोच मुखवटा आणि तोच वेष धारण करीत आला असून, आपण ज्याच्या कथा वाचतो तो या घराण्यातील एकविसावा पुरुष आहे. जंगलातील लोकांना मात्र तो एकच अमर पुरुष वाटतो. ज्या कवटीची मुद्रा हा नायक आपल्या अंगठीवर वागवतो, गुन्हेगाराच्या हनुवटीवर ठोशासरशी उमटवतो, आणि ज्या गुहेत तो राहतो तिलाही जिचा आकार आहे, तिचे मूळ त्या मारेकऱ्याच्या मस्तकात आहे. म्हणजे नायकाचे बोधचिन्ह खलनायकाच्या देहापासून बनले आहे, ही गोष्ट लहानपणी शेकडो वेळा डोळ्यांखालून गेली असूनही माझ्या ध्यानात आली नव्हती.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि हा फँटम मराठीत आला तो 'वेताळ' हे नाव घेऊन. हे नाव ज्या कोणा भाषांतरकाराला सुचले त्याला मी मनोमन नमस्कार करतो. कारण वेताळ हा आपल्याकडे भुतांचा राजा, रात्री आपला लवाजमा घेऊन फिरणारा, ज्याच्या वाटेत माणसाने सापडू नये असा; आणि तोच वेताळ गावाच्या वेशीबाहेर शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपाने गावाचे रक्षण करणारा, कोकणात नारळ घेणारा, गोव्यात आमोणे, लोलये अशा गावी बेताळ या नावाने देवळात उभा राहिलेला देव. जो भयाचा स्वामी तोच भयापासून सोडविणारा, ही कल्पना मराठी खेड्याला शिकवावी लागत नव्हती. इंग्रजीतल्या नावात केवळ भूत आहे. मराठी नावात भूतही आहे आणि त्याची आण घालणारा भगतही आहे. पुढे कित्येक वर्षांनी पाश्चात्त्य चित्रकथाकारांनी मोठ्या प्रयासाने जी संदिग्धता साधली, ती आमच्या भाषांतरकाराने मुखपृष्ठावरच एका शब्दात घालून ठेवली होती.

याच मालिकेत, तथापि, एक गोष्ट अशी होती की जिच्याकडे आजोबांचे लक्ष गेले आणि माझे गेले नाही. वेताळाचे शौर्य जसे वंशपरंपरेने चालत आले, तसे त्याच्या शत्रूंचे पापही वंशपरंपरेनेच चालत आलेले दाखविले होते. मूळ इंग्रजीत या चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग' असे होते. इंद्रजालने ते बदलून 'सिंगा' केले, आणि वेताळाच्या जंगलाचा मुलूख बंगालची आठवण देणारा होता तो 'डेंकाली' करून टाकला. हे बदल कशासाठी झाले ते उघड आहे : पिढीजात चोरांची जात म्हणून जिच्याकडे बोट दाखवायचे ती आपल्यापैकी वाटून चालणार नव्हते. पण बापाच्या पोटी चोर म्हणून जन्म घ्यायचा आणि चोर म्हणूनच मरायचे, ही कल्पना काही अमेरिकन लेखकाने प्रथम काढलेली नव्हती. ती आमच्याच मुलखात कायद्याच्या रूपाने नांदत होती.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पारध्यांसह अनेक भटक्या जमातींची नावे निरनिराळ्या प्रांतांत त्याखाली सरकारदप्तरी चढली. या कायद्याचे मर्म असे, की आरोप शाबीत होण्याची आवश्यकताच उरली नाही; अमुक जमातीत जन्म झाला एवढ्यावरून मनुष्याला ठाण्यावर हजेरी देणे, परवान्यावाचून गावाची हद्द न ओलांडणे, प्रसंगी कुंपणाच्या वसाहतीत राहणे, हे सर्व लागू होई. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या गेल्या. तो दिवस त्यांच्यांतील पुष्कळ लोक आजही पाळतात. यवतमाळ जिल्ह्यात फासेपारध्यांचे बेडे, म्हणजे वस्त्या, आहेत. तितर, लाव्हे आणि हरणे पकडण्याचा जो फास, तो लावणारे म्हणून हे फासेपारधी. घोड्याच्या शेपटीच्या केसांचा पीळ घालून ज्या नजाकतीने पक्ष्याच्या पायापुरता फास विणला जातो, तो ज्याने जवळून पाहिला असेल त्याला त्या बोटांतील कसब विसरता येणार नाही. पण गावात कोठे घरफोडी झाली की पहिला संशय बेड्यावर, हा रिवाज कायदा रद्द झाल्यानंतरही लोकांच्या मनातून रद्द झालेला नाही. माझ्या लहानपणी बेड्यावरचा एक मुलगा आमच्या वर्गात होता, आणि कोणाची दौत किंवा पट्टी हरवली की मास्तरांनी काही म्हणण्याच्या आधीच आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत असू. त्याने कधी काही घेतले असे मला आठवत नाही. आम्ही पाहत होतो एवढे मात्र स्वच्छ आठवते, आणि त्याची लाज आजही वाटते.

म्हणूनच डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालमध्येच जेव्हा 'बहादूर' अवतरला, तेव्हा घडलेली गोष्ट किती मोठी होती हे मला पुष्कळ उशिरा उमगले. आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला हा नायक भगवा झब्बा आणि खाली जीन्स अशा वेषात वावरे. त्याला मुखवटा नव्हता, अमानुषी शक्ती नव्हती, आणि बाप होता डाकू. भैरवसिंग नावाचा तो डाकू पोलिसांच्या गोळीने मारला जातो. ज्या पोलीस अधिकाऱ्याने त्याला मारले तो विशालच पुढे त्या पोरक्या मुलाचा सांभाळ करतो. मुलाच्या मनात सूडाचा अग्नी धुमसत असतो, आणि बापाच्या कृत्यांचे खरे स्वरूप कळल्यावर तो अग्नी वेगळ्या दिशेला वळतो. बहादूर पुढे नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो. वेताळाच्या कथेत मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली जाते ती सूडाची नसली तरी वैराची. बहादूरच्या कथेत बापाचा वध करणाऱ्याच्याच घरचे अन्न खाऊन मुलगा वाढतो. एकाच नियतकालिकाच्या पानांवर, बारा वर्षांच्या अंतराने, वंशपरंपरेचे पाप ही कल्पना मांडली गेली आणि मोडलीही गेली.

ही कथा आकाशातून पडली नव्हती. चंबळच्या खोऱ्यात ज्यांना सरकार डाकू म्हणे ते स्वतःला 'बागी' म्हणवीत, आणि या दोन शब्दांत सगळा तंटा सामावलेला आहे. आमच्या यवतमाळच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पवनारला ज्यांचा आश्रम, त्या विनोबांपुढे मे १९६० मध्ये वीसएक बागींनी शस्त्रे खाली ठेवली, आणि १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नाने याहून कितीतरी मोठे समर्पण झाले. ज्यांच्यावर खुनाचे आरोप होते अशा माणसांपुढे एक कृश वृद्ध निःशस्त्र जाऊन बसतो आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतो, हे दृश्य देशाने पाहिले होते. त्या पार्श्वभूमीवर डाकूचा मुलगा नायक होणे वाचकाला अशक्य वाटले नाही. आणि कोणी दुसऱ्याने मांडलेल्या कैफियतीवर न थांबता, विमुक्तांपैकीच एक असलेल्या लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये 'उचल्या' हे आत्मकथन लिहून स्वतःचा जबाब स्वतः नोंदविला, ही त्याच वाटेवरची पुढची पायरी म्हटली पाहिजे.

अमेरिकेतील इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो पुष्कळांना ठाऊक आहे. सुपरमॅनचे जनक सीगल आणि शुस्टर या दोघा तरुणांनी १९३३ साली त्या नावाने प्रथम जे पात्र कल्पिले ते खलनायकाचे होते : एका शास्त्रज्ञाच्या औषधाने मनःसामर्थ्य पावलेला, जगावर सत्ता गाजवू पाहणारा टकला माणूस. पाच वर्षांनी, एका चित्रकथा-मासिकाच्या जून १९३८ च्या अंकात, तेच नाव घेऊन जगाचा त्राता अवतरला. म्हणजे या सबंध परंपरेच्या आद्य नायकाची कुंडलीच मुळी खलनायकाची आहे. पुढे १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली, जिच्यान्वये गुन्हेगाराविषयी सहानुभूती उत्पन्न होईल असे काही छापण्यास मनाई होती आणि प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचाच विजय व्हावा असा दंडक होता. आजोबांच्या भाषेत सांगायचे तर प्रतिवादीचा जबाब घेण्यासच ती बंदी होती. ती १९७१ मध्ये सैल झाली, आणि १९८१ साली क्रिस क्लेअरमाँट या लेखकाने 'एक्स-मेन' मालिकेतील मॅग्नेटो या कट्टर शत्रूच्या तोंडून तो बालपणी ऑश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेला असल्याची हकीकत वदविली. त्यानंतर वाचक मॅग्नेटोचा पूर्वीसारखा द्वेष करू शकला नाही, जरी त्याची कृत्ये तीच राहिली.

आपल्याकडे याला हजार वर्षांहून जुनी परंपरा आहे. धनंजयाने दहाव्या शतकात 'दशरूपक' रचताना नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार सांगितले, आणि प्रतिनायकाचे लक्षण देताना लोभ, हट्ट, पाप, व्यसन हे दोष मोजून त्यालाही 'धीरोद्धत' हेच विशेषण लावले. नायकाच्या चार खुर्च्यांपैकी एकीवर प्रतिनायकही बसू शकतो, हे शास्त्रकारानेच मान्य केल्यासारखे ते आहे. भासाच्या 'ऊरुभंगा'त मांड्या फुटून पडलेला दुर्योधन ज्या धीराने मरणाला सामोरा जातो, तो पाहून प्रेक्षकाने कोणाची बाजू घ्यावी? आणि ज्या दशकात वेताळ मराठीत आला त्याच दशकात, १९६७ साली, शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने कर्णाला, शोणाला, वृषालीला, इतकेच नव्हे तर दुर्योधनालाही प्रथमपुरुषी बोलू दिले. एकेका पात्राचा स्वतंत्र जबाब, हीच त्या कादंबरीची रचना आहे, आणि मराठी वाचकाने तिला ज्या प्रेमाने उचलून धरले त्यावरून आमच्या आजोबांसारखे कान घेऊन बसलेली माणसे महाराष्ट्रात पुष्कळ होती असे दिसते.

ग्रंथांबाहेर तर हा प्रश्न जिवंत माणसांचा आहे. विदर्भातील गोंड समाजात रावणाला आपला पूर्वज मानणारे आणि दसऱ्याच्या रावणदहनाला हरकत घेणारे लोक आहेत. अकोला जिल्ह्यातील सांगोळा या गावी दशानन रावणाची पाषाणमूर्ती पुजली जाते. यवतमाळच्या डोंगराळ भागात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत, आणि त्यांचा देव भिमायक. पांडवांतील भीमाशी त्याचे नाते जोडले जाते. महाभारत वाचणारे आपण ज्या भीमाला हिडिंबाचा वध करणारा म्हणून ओळखतो, त्याचे नाव अरण्यात राहणाऱ्या माणसांच्या देव्हाऱ्यात जाऊन बसले, यात कोणाचा विजय आणि कोणाचा पराजय मानावा, हे शहरातील वाचकाने घाईने ठरवू नये.

एवढे सांगून झाल्यावर एक शंका मी स्वतःच उपस्थित करतो. कैफियत ऐकणे आणि निर्दोष सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आजोबा एका क्षणासाठीही विसरले नसते. जबाब घेतल्यावर शिक्षाही होते. अलीकडच्या काही चित्रकथांनी मात्र ही दुसरी पायरी सोडून दिली आणि खलनायकाच्या दुःखाची आरास मांडून त्याच्या बळींना मूक केले, तिथे मला रेषा पुसट झाल्यासारखी वाटत नाही, ती फक्त उलटी ओढल्यासारखी वाटते. दुसऱ्या टोकाला, १९७४ मध्ये अमेरिकन चित्रकथेत निर्माण झालेला 'पनिशर' हा कवटीचे चिन्ह छातीवर घेऊन गुन्हेगारांना ठार मारीत सुटणारा मनुष्य. त्याचे चिन्ह पुढे अमेरिकेतील काही सैनिक आणि पोलीस आपल्या गणवेशावर मिरवू लागले, तेव्हा त्याच्या निर्मात्यांपैकी गेरी कॉन्वे यांनी त्यास जाहीर विरोध केला. वेताळाची कवटी आणि पनिशरची कवटी दिसायला सारख्याच. पण पहिलीच्या मागे निदान एक शपथ होती, आणि शपथ मनुष्याला बांधते.

आता ज्या एका प्रकरणामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव आणि पांढरकवडा परिसरात २०१६ पासून सुमारे दोन वर्षांत झालेल्या १३ माणसांच्या मृत्यूचा दोष एका वाघिणीवर ठेवण्यात आला. वनखात्याच्या दप्तरात तिचे नाव टी-१. तिला वाचविण्यासाठी शहरांतून मोहीम उघडणाऱ्यांनी तिला अवनी म्हटले. आणि ज्यांच्या घरची माणसे शेतावर गेली ती परतली नाहीत त्यांच्या लेखी ती नरभक्षक होती. एक प्राणी, तीन नावे, आणि प्रत्येक नावाची स्वतंत्र कथा. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तिला पकडावे, न जमल्यास ठार मारावे, या वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. हत्ती आले, ड्रोन आले, तिला आकृष्ट करण्यासाठी एका विदेशी कंपनीचे अत्तरसुद्धा वापरले गेले. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. परिसरातील गावांत फटाके वाजले. मुंबई-पुण्याकडे मेणबत्त्या आणि निषेधाचे फलक निघाले. ज्याने गोळी झाडली तो एका ठिकाणी तारणहार ठरला आणि दुसऱ्या ठिकाणी मारेकरी. वाघीण अंगावर चालून आली म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली असे पथकाचे म्हणणे. शवविच्छेदनात आढळलेल्या खुणांवरून ती तोंड फिरवून चालली असावी असा आक्षेप.

नोव्हेंबर महिना म्हणजे आमच्याकडे कापूस वेचणीचा. कमरेला ओटी बांधून बाया सकाळी तासांतून वाकून चालतात तेव्हा त्यांची पाठ आभाळाकडे आणि नजर बोंडाकडे असते, आणि कपाशी छातीपर्यंत वाढलेली असली तर चार हातांवर काय आहे ते दिसत नाही. ज्या बाईने दोन वर्षे त्या तासांत असे वाकून काम केले तिला फटाके का वाजवलेस असे विचारण्याचा अधिकार मला नाही. आणि वाघिणीच्या बाजूचा जबाब घेण्यासारखा होता हेही मला नाकारता येत नाही : तिला दोन बछडे होते, आणि ज्या झुडपी जंगलात ती त्यांना वाढवीत होती त्याच्या चहूकडे शेते आणि गुरांच्या वाटा होत्या.

त्या बछड्यांपैकी मादी २२ डिसेंबर २०१८ रोजी पकडली गेली आणि पेंच व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आली. वनखात्याने तिला आईसारखेच एक अक्षर आणि एक आकडा दिला होता, सी-२. पेंचमध्ये तो बदलून पीटीआरएफ-८४ झाला. दोन वर्षांहून अधिक काळ माणसाची सवय होऊ न देता तिला मोठ्या कुंपणात शिकार शिकविण्यात आली, आणि मार्च २०२१ मध्ये जंगलात मोकळे सोडण्यात आले. थोड्याच दिवसांत, तिथे आधीपासून हद्द धरून राहिलेल्या दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती जबर जखमी झाली आणि मेली. तिने कोणा माणसाला मारल्याची नोंद नव्हती, आणि तिच्यासाठी कोठे फटाकेही वाजले नाहीत.